गाव कशाने बांधलेले असते?

(बाळकुम, ठाणे येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी इथल्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवले. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून मानवशास्त्राची ओळख करून द्यावी, असे आयोजकांनी सुचवले आणि मी आनंदाने होकार दिला. हे शास्त्रही पाहायला, ऐकायला आणि मग लिहायला शिकवणारे आहे. आज मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. गाव हद्दीने किंवा सातबाऱ्याने बांधलेले नसते. ते माणसांच्या एकमेकांकडे असलेल्या देण्यांनी बांधलेले असते. ही देणी ओळखायला शिकणे म्हणजेच आपली संस्कृती समजून घेणे.

मानवशास्त्र म्हटले की दूरच्या बेटावरचे, जंगलातले लोक डोळ्यांपुढे येतात. याला कारणही आहे. एडवर्ड टायलर यांनी १८७१ साली संस्कृतीची व्याख्या केली. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा घटक म्हणून माणूस जे जे शिकतो ते सगळे म्हणजे संस्कृती, असा तिचा आशय. व्याख्या व्यापक होती. पण त्या पिढीतले अभ्यासक बहुधा खुर्चीत बसून, प्रवाशांनी आणि मिशनऱ्यांनी पाठवलेल्या मजकुरावर लिहीत. रानटी अवस्थेतून सुधारलेल्या अवस्थेकडे जाणारी एक शिडी त्यांनी मनात उभी केली होती आणि सगळ्यात वरच्या पायरीवर स्वतःला बसवले होते.

ही शिडी मोडली ती प्रत्यक्ष जाऊन राहणाऱ्यांनी. ब्रॉनिस्लाव मालिनोवस्की पहिल्या महायुद्धाच्या काळात पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला. त्याने तिथली भाषा शिकली, लोकांमध्ये तंबू ठोकला आणि रोजचे जगणे टिपले. १९२२ साली त्याचा ग्रंथ आला. त्यात ‘कुला’ नावाच्या देवाणघेवाणीचे वर्णन आहे. शंखशिंपल्यांच्या माळा एका दिशेने आणि शिंपल्यांची कंकणे उलट्या दिशेने, बेटामागून बेट फिरत राहतात. ती कुणी कायमची ठेवून घेत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा खटाटोप निरर्थक वाटेल. पण त्या फिरत्या वस्तूंमुळे समुद्रापलीकडच्या माणसांत आयुष्यभराचे संबंध टिकतात. याच धाग्यावरून फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी १९२५ साली भेटवस्तूवरचा आपला गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. देणे, घेणे आणि परत करणे ही तीन बंधने त्यांनी दाखवून दिली. भेट दिसायला ऐच्छिक असते, पण ती टाळता येत नाही.

आहेराची वही

आता ट्रोब्रियांडहून आपल्या घरी येऊ. तुमच्या घरात कपाटातल्या लोखंडी पेटीत लग्नाची एक वही असेल. पहिल्या पानावर हळदी-कुंकवाची बोटे, वर ‘श्री’ आणि खाली नावांची ओळ. अमक्याकडून एकावन्न, तमक्याकडून एकशे एक, मामाकडून भांडे, आत्याकडून साडी. ही वही रद्दीत जात नाही. दहा वर्षांनी त्या अमक्याच्या मुलीचे लग्न निघाले की वही उघडते. तेव्हा आलेली रक्कम बघितली जाते आणि तिच्यात थोडी भर घालून पाकीट तयार होते. तेवढीच रक्कम परत केली तर हिशेब मिटला असे होईल. म्हणून थोडे वर ठेवायचे. त्या थोड्याशा वरच्या रकमेने संबंध पुढच्या लग्नापर्यंत चालू राहतात. मॉस यांचा सिद्धांत आपल्या आजीला ठाऊक होता. तिने तो वहीत लिहून ठेवला होता.

अलीकडे पत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ अशी ओळ येते. तिच्यामागचा हेतू चांगला आहे. गरीब पाहुण्यावर ओझे पडू नये, हे बरोबरच आहे. पण मानवशास्त्राचा विद्यार्थी पुढचा प्रश्न विचारील. ही ओळ कुणाला छापता येते? ज्याला लग्नाचा खर्च एकट्याने पेलतो त्याला. ज्याच्या घरी मांडव घालायलाच भाऊबंदांचा हात लागतो, त्याला ही ओळ परवडत नाही. वही बंद झाली की कर्ज सावकाराचे किंवा बँकेचे होते. गावाचे राहत नाही. आहेर असावा की नसावा, हे मी सांगणार नाही. तो काय काम करत होता हे समजून घेतल्यावरच त्याच्या जागी काय आणायचे ते ठरवता येईल, एवढेच माझे म्हणणे आहे.

खाडीकाठच्या माणसाला दुसरे उदाहरण आणखी जवळचे वाटेल. रायगडच्या खारेपाटात भरतीचे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचे लांबलचक बांध घातलेले असत. बांधाला खांड पडली की एकाचे शेत बुडत नाही, सगळ्या शिवाराचे बुडते. म्हणून शेतकरी मिळून बांधांची राखण आणि डागडुजी करत. अलिबागकडे या सामूहिक श्रमाच्या रीतीला ‘जोळ’ म्हणत. ओहोटीच्या वेळा बघून चिखल उचलायचा आणि भरती चढण्याआधी खांड बुजवायची. माझ्या शेतापुढचा बांध शाबूत आहे म्हणून मी घरी बसलो, असे चालत नसे. १९४८ साली मुंबई खार जमीन कायदा झाला आणि पुढे बांधांची देखभाल हळूहळू सरकारी यंत्रणेकडे गेली. बांधाची काळजी कार्यालयाकडे गेल्यावर त्या काळजीतून जुळलेली माणसेही सुटी होतात. आपल्या बाळकुमपासून कोलशेतपर्यंतच्या खाजणांतही भात आणि मासळी यांवर माणसे जगली. इथे पाणी कोण अडवत असे, बांधाला कोण जात असे, न जाणाऱ्याला गाव काय म्हणत असे, हे सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत.

उंबरठ्यावरची माणसे

दुसरी कल्पना संस्कारांविषयीची आहे. आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ साली जगभरचे जन्म, लग्न, मृत्यू यांचे विधी तपासले आणि त्यांत एक समान घडण दाखवली. माणूस आधी जुन्या स्थितीतून वेगळा काढला जातो, मग काही काळ अधांतरी राहतो आणि शेवटी नव्या स्थितीत सामावला जातो. मधला टप्पा सगळ्यात नाजूक असतो, कारण त्या काळात माणूस इकडचाही नसतो आणि तिकडचाही नसतो.

हळदीची रात्र आठवा. अंगाला हळद लागली की नवऱ्या मुलाला एकट्याने घराबाहेर सोडत नाहीत. त्याच्या हातात कट्यार, सुरी, निदान अडकित्ता तरी देतात. बरोबर कुणीतरी सतत असते. विचारले तर सांगतात, नजर लागेल, बाधा होईल. व्हान गेनेप वाचल्यावर कळते की या मुलाची जुनी ओळख उतरली आहे, नवी अजून चढलेली नाही, आणि समाज त्याला या मधल्या वेळेत सांभाळतो आहे. मग मांडवात अंतरपाट धरला जातो. दोन माणसे, मध्ये एक कापड. मंगलाष्टके संपतात, पाट बाजूला होतो आणि एका क्षणात दोन घरांची नाती बदलतात. कुणी सासू होते, कुणी व्याही, कुणी मेहुणा. जगातल्या कुठल्याही पाठ्यपुस्तकाला यापेक्षा नेमके उदाहरण मिळणार नाही.

आगरी-कोळी समाजात हे सगळे स्थित्यंतर पार पाडणारी एक बाई असते. धवलारीण. हळदीपासून पुढच्या विधींपर्यंत ती धवले गाते. कोणत्या वेळी कोणता देव बोलवायचा, कोणत्या नात्याचे नाव घ्यायचे, हे तिच्या तोंडपाठ असते. तिच्याजवळ पोथी नसते. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून जिचे नाव घेतले जाते, त्या महानुभाव पंथातल्या महदंबेने तेराव्या शतकात रचले तेही धवळेच, आणि त्यांचा विषयही रुक्मिणीचे लग्नच. म्हणजे बायकांनी लग्नात गाण्याची ही रीत मराठीच्या अगदी आरंभापासून साथीला आहे.

याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघरमध्ये, वारली लोकांचे लग्न धवलेरी लावते. तीही बाईच. सवाशिणी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढतात. चौकात पालघट देवी असते. तो चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. के. जे. सावे यांनी १९४५ साली वारल्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. पुढे सत्तरच्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रकला कागदावर आणि कापडावर आणली. तिला जगभर मान मिळाला आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. यातून अनेक घरांत चार पैसे आले, आपल्या हाताचा अभिमान आला. हे मोठे काम आहे. पण दिवाणखान्यातले वारली चित्र आणि लग्नघरातला चौक यांत फरक आहे. दिवाणखान्यातले चित्र बघण्यासाठी आहे. लग्नघरातला चौक लग्न लावतो.

हाच फरक आपल्याला आपल्या घरी ओळखायचा आहे. आज हळदीला बेंजो असतो, रोषणाई असते, ध्वनिचित्रफिती निघतात. त्यात काही वाईट नाही. परंपरा कधीच एका जागी थांबलेली नव्हती. आपल्या कालवणातली मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात आली, आणि आज तिच्याशिवाय आगरी मसाल्याची कल्पना करता येत नाही. म्हणून नवे आले याचे दुःख करायचे कारण नाही. धवलारीण मात्र ध्वनिक्षेपकापुढे दोन कडवी म्हणण्यापुरती उरली, आणि कोणत्या वेळी काय म्हणायचे हे तिला कुणी विचारेनासे झाले, तर गाणे राहील पण त्याचे काम जाईल.

नात्यांचा नकाशा आणि त्यातली भिंत

मानवशास्त्राचा कणा म्हणजे नात्यांचा अभ्यास, आणि या अभ्यासात महाराष्ट्राचे योगदान फार मोठे आहे. मालवणात १८९३ साली जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजहून शिकून आले आणि १९२४ पासून मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची धुरा त्यांनी सांभाळली. त्यांच्या हाताखालून एम. एन. श्रीनिवास, दुर्गाबाई भागवत, इरावती कर्वे अशी माणसे गेली. घुर्यांची विद्यार्थिनी विजया पुणेकर यांनी मुंबईच्या सोनकोळ्यांवर लिहिलेले पुस्तक १९५९ मध्ये आले. पुण्याजवळच्या लोणीकंदची पाहणी थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टराने १८१९च्या सुमारास केली होती. तेच गाव घुर्यांनी सव्वाशे वर्षांनी पुन्हा तपासले आणि १९६० साली दोन्ही काळ शेजारी ठेवून पुस्तक लिहिले.

इरावतीबाईंनी १९५३ साली भारतातल्या नातेसंस्थांवर ग्रंथ लिहिला. देशाचे त्यांनी उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग केले. महाराष्ट्र मध्य विभागात येतो. उत्तरेत मुलगी सहसा परक्या गावी, परक्या घरी दिली जाते. दक्षिणेत मामाची, आत्याची मुलगी करतात आणि काही समाजांत मामा-भाचीचेही लग्न होते. आपण मधले. आपल्याकडच्या बऱ्याच जातींत मामाची मुलगी करून घेतात, आत्याची मुलगी करणे मात्र टाळतात. म्हणजे भाची आत्याच्या घरी सून होऊन जाते. ज्या घरी एकदा मुलगी दिली, त्याच दिशेने पुढच्या पिढीतही मुलगी जाते. उलट दिशेने येत नाही. एका साध्या रिवाजामागे पिढ्यांची दिशा असते, हे त्यांनी दाखवले.

तुम्हीही घरी जाऊन एक कागद घ्या. आजीचे माहेर कोणते, पणजीचे कोणते, आत्या कुठे दिल्या, सुना कुठून आणल्या, हे त्यावर मांडा. कोलशेत, ढोकाळी, माजिवडे, खाडीपलीकडे कशेळी, काल्हेर, तिकडे दिवा, डोंबिवलीची गावे, पनवेल, उरण यांतली कोणती नावे येतात ते बघा. खाडी नकाशावर गावांना तोडते. तुमच्या कागदावर तीच खाडी गावांना जोडताना दिसेल, कारण पूल होण्याआधीही वऱ्हाड होडीने जातच होते.

मग याच कागदाकडे दुसऱ्या नजरेने बघा. रेघा कुठे जात नाहीत? पलीकडच्या आळीत, शेजारच्या वस्तीत, शाळेत एका बाकावर बसणाऱ्या मुलांच्या घरी का जात नाहीत? हा प्रश्न विचारणारा निबंध एका पंचवीस वर्षांच्या मराठी विद्यार्थ्याने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचला होता. तारीख ९ मे १९१६. डॉ. गोल्डनवायझर यांचा मानवशास्त्राचा अभ्यासवर्ग आणि निबंधाचा लेखक भीमराव आंबेडकर. जातीचे मूळ लक्षण म्हणजे जातीतल्या जातीतच लग्न, असे त्यांनी मांडले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा हे कुंपण टिकवण्यासाठी कशा उभ्या राहिल्या, हे त्यांनी उलगडून दाखवले. धर्मग्रंथाचा हवाला न घेता, समाज कसा चालतो हे पाहून केलेली ही मांडणी आहे. मराठी माणसाने मानवशास्त्रात केलेल्या पहिल्या मोठ्या कामगिऱ्यांपैकी ही एक. तिचा धडा स्पष्ट आहे. एखादी रूढी समजून घेणे म्हणजे तिचे समर्थन करणे नव्हे. उलट ती कोणत्या खिळ्यावर टांगलेली आहे हे कळल्याशिवाय ती उतरवता येत नाही. इरावतीबाईंनीही पंढरीच्या वारीत चालताना दिंडीतला जिव्हाळा मनापासून अनुभवला, आणि त्याच दिंडीत जातीजातींची पंगत वेगळी बसते हेही वेदनेने नोंदवले. दोन्ही गोष्टी एकाच लेखात आहेत. प्रेम आणि परीक्षण यांना असेच एकत्र नांदावे लागते.

मोजणारे आणि मोजले गेलेले

या शास्त्राच्या नावावर अन्यायही आहेत, ते झाकू नयेत. १८८२च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये एकेका जातीचा बांधा, आहार, पेहराव आणि सवयी थोड्या ओळींत उरकलेल्या आहेत. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांना कुणी वाचून दाखवले नाही. रिस्ले यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड लावली. घुर्यांनी १९३२च्या आपल्या ग्रंथात या मापांची कसून तपासणी केली. १८७१च्या कायद्याने तर संपूर्ण जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. तो पुसायला १९५२ साल उजाडले. आणि ज्यांच्यावर तो शिक्का होता त्यांच्या वस्तीत आजही पोलीस आधी पोहोचतात.

इरावतीबाई १९२७च्या सुमारास बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठतेच्या विचाराचे होते. कवट्यांच्या दोन बाजूंतल्या फरकावरून वंशांचा उच्चनीचपणा सिद्ध होईल, अशी त्यांची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध आढळत नाही, हा निष्कर्ष प्रबंधात लिहिला. परक्या देशात, गुरूच्या मताविरुद्ध, एका तरुण मुलीने मोजमापाशी इमान राखले. शास्त्राचे तेज अशा वेळी दिसते.

आयुष्याच्या अखेरीस त्यांनी आपली कन्या जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी केली. तो अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. त्या लोकांपैकी काहींचे पुनर्वसन आपल्याच ठाणे जिल्ह्यात झाले. विस्थापनात जमिनीची मोजणी होते, घराची किंमत ठरते, झाडांचा भाव लागतो. पण संकटात हाकेला येणारा शेजार, देवाचा मान, बांधाचा वाटा, आहेराच्या वहीतली नावे यांचा पंचनामा होत नाही. ज्याचा पंचनामा नाही, त्याची भरपाईही नाही.

आपली वही आपण लिहू

बाळकुमने स्थलांतर न करता विस्थापन पाहिले आहे. गाव जागेवर राहिले आणि भोवतालचे सगळे बदलले. शेतांवर कारखाने आले, कारखान्यांच्या जागी उंच इमारती आल्या. १९८२ साली ठाणे महानगरपालिका झाली. आता ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या मार्गावर बाळकुम नाका हे स्थानक आहे. इथे नव्याने राहायला आलेल्या हजारो लोकांपैकी काही आज या सभागृहातही आहेत. तेही कुठले तरी गाव, कुठली तरी वही मागे ठेवून आले आहेत. त्यांच्यात आणि जुन्या गावात देण्याघेण्याचा एकही धागा नसेल, तर आपण एका पिन कोडमध्ये राहू, पण एका गावात राहणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. या व्याख्यानमालेच्या आयोजकांनी गावातल्या शाळा-महाविद्यालयांतल्या मुलामुलींचा एक गट करावा आणि वर्षभर नोंदी घ्याव्यात. खाजणांची, बांधांची, शेतांची जुनी नावे नकाशावर टाकावीत. धवलारणींकडून धवले लिहून घ्यावेत, आणि नुसते शब्द न घेता कोणते गाणे कोणत्या विधीला, हेही लिहावे. ज्यांच्या घरी आहेराच्या जुन्या वह्या असतील, त्यांची परवानगी घेऊन त्यांच्या प्रती काढाव्यात. नात्यांचे नकाशे करावेत आणि ज्या रेघा आजवर ओढल्या गेल्या नाहीत, त्यांची कारणेही न लपवता लिहावीत. इमारतींत राहणाऱ्यांच्या गावांच्या नोंदीही याच संग्रहात असाव्यात. जे लिहिले जाईल ते आधी सांगणाऱ्याला वाचून दाखवावे, आणि त्याने नको म्हटले ते छापू नये.

हे काम विद्यापीठ येऊन करील म्हणून थांबू नका. आजवर इतरांनी आपल्याला मोजले, आपल्याविषयी लिहिले. आता पाहणारे आणि लिहिणारे आपणच असू, म्हणून आपल्या चुकाही आपल्यालाच दिसतील आणि त्या सुधारण्याची जबाबदारीही आपलीच राहील. पुढच्या वर्षी याच व्याख्यानमालेत बाहेरचा वक्ता बोलावण्याऐवजी त्या मुलामुलींना आपल्या नोंदी वाचू द्या. गुरुजींना यापेक्षा मोठी श्रद्धांजली मला सुचत नाही.